शोधायची चौकट, लिहायची चौकट

दुपारी आपण झोपत नाही, नुसती पाठ टेकतो, असं अक्का सगळ्यांना सांगत. त्या दिवशी मात्र त्यांना चांगली गाढ झोप लागली होती. जाग आली ती टेबलावर फोन थरथरत होता म्हणून. थांबे, पुन्हा थरथरे, आणि दर खेपेला बोटभर सरकत तो टेबलाच्या कडेशी आला होता. पडेल म्हणून त्यांनी हात लांबवून तो उचलला, चष्मा अर्धवट नाकावर चढवला आणि पाहिलं. मोठ्या ठळक अक्षरांत चिमणीचं नाव होतं. टोपणनाव नव्हे, पूर्ण नाव, मधे वडिलांचं, शेवटी लग्नाआधीचं आडनाव, हजेरीपटावर असायचं तसं. आणि त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मग जोडलेले हात. मग परत 'भावपूर्ण श्रद्धांजली', दुसऱ्या कुणाची तरी. मग 'फार वाईट बातमी'. मग नुसतेच जोडलेले हात, तीन वेळा, घाईत असल्यासारखे. त्या नावाच्या वर बारीक अक्षरांत आणखीही काही होतं, पण तिथे अक्कांचा अंगठा होता आणि नजर त्या एका नावावरून हलत नव्हती. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी चादर झटकत होतं. तिचा फटकारा दिसे आधी आणि ऐकू येई मागाहून. चिमणी गेली, असं अक्का मनाशी म्हणाल्या. नवल हे की छातीत काही झालं नाही. डावा कान तेवढा गरम झाला. हेडफोन त्या कानावर असायचा.

टेलिफोन एक्स्चेंजच्या पहिल्या मजल्यावर लांबच लांब खोली होती, आणि भिंतीला लागून भोकाभोकांचा बोर्ड. त्यासमोर उंच खुर्च्यांवर बायका ओळीने बसत. दिवा लागला की कॉर्ड भोकात घालायची, नंबर विचारायचा, दुसरी कॉर्ड दुसऱ्या भोकात. अक्कांची खुर्ची खिडकीकडून तिसरी आणि चिमणीची चौथी. चिमणी हे नाव अक्कांनीच ठेवलेलं, कारण तिचा आवाज ढोलासारखा होता. "तुला बोर्डाची गरजच काय गं," अक्का तिला म्हणत, "खिडकी उघड आणि बोल, पलीकडच्या गावाला ऐकू जाईल." त्यावर चिमणी म्हणे, "आणि बिल कुणाच्या नावावर फाडतील? तुझ्याच." त्या दोघींचं बोलणं कधी सलग झालं नाही. सकाळी सुरू झालेलं वाक्य सुटीच्या घंटेपर्यंत पुरायचं. "आमच्या आईने काल, नंबर प्लीज, असा काही घोळ घातला म्हणतेस, लाइन बिझी आहे साहेब, की मी पाहुण्यांसमोर, बोला, जोडून दिलंय, पाहुण्यांसमोर चक्क आडवी झाले." मागून मोठ्या बाई, म्हणजे सुपरवायझर, रबरी तळव्याच्या चपला घालून फिरत. त्या कुठे आहेत हे पावलांवरून कळायचं नाही, शेजारणीची पाठ ताठ झाली की कळायचं. मोठ्या बाईंचे नियम पुष्कळ होते, पण पहिल्या दिवशी सांगत तो एकच: बोर्डावरच्या बाईने स्वतःहून कुणाला फोन लावायचा नाही. दिवा लागेल तेव्हा उत्तर द्यायचं. आपलं काम हाक मारणं नाही, हाकेला ओ देणं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी अक्कांना हा नियम जाचक वाटे. पुढे तो इतका अंगात मुरला की घरी स्वतःचा फोन आल्यावरसुद्धा त्यांनी कधी कुणाला सहज म्हणून फोन केला नाही. बहीण रागावे, "तू माणूस आहेस की पेटी? आम्ही वाजवल्याशिवाय वाजतच नाहीस."

मग बोर्ड जाऊन यंत्रं आली. लोक आपापले नंबर आपणच फिरवायला लागले. चौकशीच्या टेबलावर काही जणींना ठेवलं, बाकीच्यांच्या बदल्या झाल्या. अक्का नोकरीत जरा आधी लागल्या होत्या म्हणून राहिल्या, चिमणी थोडी मागाहून म्हणून गेली. त्यात कुणाचं काही चुकलं नव्हतं. बस सुटण्याच्या आधी चिमणी खिडकीतून वाकून म्हणाली होती, "फोन आधी तू करायचा हं. जाणाऱ्याच्या मागे शंभर भानगडी असतात. राहिलेल्याने विचारायचं असतं." अक्का हसून म्हणाल्या होत्या, "अगं, जाणाऱ्याने पोचल्याचं कळवायचं असतं, ही जगाची रीत आहे." "बघू कोण जिंकतं," असं चिमणी म्हणाली. तेव्हा ती थट्टा होती. पहिला महिना गेला तेव्हाही थट्टाच होती. वर्ष गेलं तेव्हा ती थट्टा राहिली नव्हती, आणि दहा वर्षांनी काय राहिली होती हे अक्कांना सांगता आलं नसतं. राग म्हणावं तर रागाला काही कारण लागतं. एखाद्या खोलीचं दार उगाच ओढून घ्यावं आणि मग सवयीने ते बंदच राहावं, तसं काहीसं. दारामागे सगळं जागच्या जागी असणार, अशी त्यांची खात्री होती. चिमणी असणार, तिचा आवाज असणार. कधीतरी जाऊ. आता ती खोलीच नव्हती.

चष्मा नीट बसवून अक्का पुढे वाचू लागल्या. लिहिणाऱ्या बहुतेक एक्स्चेंजच्याच होत्या. वर्षभरापूर्वी सुनेने हा फोन हातात दिला आणि मोठ्या बाईंनी, पंच्याऐंशी उलटलेल्या मोठ्या बाईंनी, त्यांना ओढून जुन्या बायकांच्या ग्रुपमध्ये घेतलं. त्या सगळ्या आता इथे एकेका बोटभर फोटोच्या रूपाने राहत. कुणी नातवाला कडेवर घेऊन, कुणी फोटोच्या जागी गुलाब. पण नुसतं पाहण्यापलीकडे अक्कांना काही जमत नव्हतं, म्हणून गेल्या महिन्यापासून त्या वाचनालयातल्या वर्गाला जात. 'ज्येष्ठांसाठी समाजमाध्यमांची तोंडओळख' असं दारावर चिकटवलेलं असे. शिकवणारी मुलगी हसतमुख होती; पहिल्या तासाला तिने इतक्या वेळा 'पासवर्ड कुणाला सांगू नका' म्हटलं की सगळे तिला पासवर्डबाई म्हणायला लागले. ती एकेक शब्द फळ्यावर लिही आणि सोडवून सांगे. प्रोफाइल म्हणजे तुमच्या दारावरची पाटी. पोस्ट म्हणजे तुम्ही चौकात उभं राहून बोललेलं. मेसेज म्हणजे कानात बोललेलं. स्टोरी दुसऱ्या दिवशी आपोआप पुसली जाते. टॅग म्हणजे एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून 'हे बघ' म्हणणं. ब्लॉक म्हणजे दार लावणं. त्यावर मागच्या बाकावरचे निवृत्त बँक मॅनेजर विचारत, "ज्याला ब्लॉक केलं त्याला कळतं का?" "नाही, त्याला सूचना जात नाही." "मग उपयोग काय त्याचा?" वर्ग हसे. अक्काही हसत, आणि वहीत काही न लिहिता सगळं कानाने धरून ठेवत, कामाची सवय. घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं सांडलेलं असे.

आता त्या एकेकीचं वाचत होत्या. मोठ्या बाईंनी लिहिलं होतं, 'अत्यंत शिस्तीची मुलगी. आवाज तेवढा मोठा.' पाचव्या खुर्चीवरच्या बाईने लिहिलं होतं की ती नवी असताना तिने एका बड्या अधिकाऱ्याची लाइन भलतीकडे जोडली, आणि मोठ्या बाई ओरडत आल्या तेव्हा चिमणी शांतपणे म्हणाली, 'माझ्याकडून झालं.' हे अक्कांना माहीत नव्हतं. चौथी आणि तिसरी खुर्ची यांत हातभर अंतर होतं आणि तरी हे त्यांना माहीत नव्हतं. त्या दिवशी आपण रजेवर असू, असं त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. आणखी एकीने लिहिलं होतं की बाळंतपणानंतर ती कामावर परतली तेव्हा दुपारी चिमणी तिचाही बोर्ड सांभाळायची, दोन्ही हातांनी, आणि म्हणायची, 'जा, पाठ टेकून ये, मोठ्या बाई आल्या तर मी खोकेन.' आणि तो खोकला असा असायचा की झोपलेली बाई काय, तळमजल्यावरचा पहारेकरी उठून उभा राहायचा. अक्कांना हसू आलं. मग त्या हसण्याच्या तळाशी काहीतरी बोचलं. चिमणी आपली आहे, आपल्या खुर्चीला लागून आहे, तिच्याशी बोलायचं न बोलायचं हा आपला दोघींचा मामला आहे, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. आणि इथे प्रत्येकीने आपापल्या पदरातून चिमणीचा एकेक तुकडा काढून ठेवला होता, आणि प्रत्येकीचा तुकडा आपल्यापेक्षा मोठा होता. आपल्याजवळ काय आहे? बसच्या खिडकीतलं एक वाक्य, आणि ते जिंकण्याचा हट्ट.

काहीतरी लिहायला हवं होतं. अंगठा दाबणं बरं दिसणार नाही एवढं त्यांना कळत होतं. पासवर्डबाईंनी सांगितलं होतं की अंगठा दाबून धरला तर इतर चेहरे वर येतात, त्यांत एक रडणारा असतो. त्यांनी दाबून धरलं. चेहरे आले, ओळीने, लुकलुकत. रडणाऱ्याचा अश्रू टपकायचा आणि पुन्हा वर जाऊन टपकायचा. अक्कांना ते पाहवेना. शेवटी त्यांनी एका बोटाने एकच शब्द लिहिला, जो कुणीही विचारलाच असता. 'केव्हा?' आणि बाण दाबला. उत्तर लगेच आलं, पाचव्या खुर्चीकडून. 'अक्का, असं काय करता? तुम्हीच तर कळवलंत.' मागोमाग दुसरं. 'आम्ही तुम्हालाच विचारणार होतो. काय झालं होतं तिला?' अक्कांनी पडदा पुन्हा वर नेला आणि अंगठा बाजूला केला. त्या मोठ्या ठळक नावाच्या वर, बारीक अक्षरांत, त्यांचं स्वतःचं नाव होतं. शेजारी त्यांचाच फोटो, सुनेने बाल्कनीत काढलेला, डोळे अर्धे मिटलेले.

सून दातांच्या डॉक्टरांकडे रिसेप्शनवर असते. ती आली तेव्हा अक्का दारातच उभ्या होत्या, फोन दोन्ही हातांत धरून, जसं भरलेलं भांडं धरावं. चपला काढता काढताच तिने तो घेतला, वर सरकवला, खाली सरकवला.

"आई, हे तुम्हीच लिहिलंय. काल. वर्गातून आल्यावर."

"लिहिलं नाही गं. शोधलं."

"शोधायची चौकट वर असते, भिंगाची खूण असते तिथे. ही मधली चौकट लिहायची. 'तुमच्या मनात काय आहे?' असं विचारते बघा, ती."

"हो, विचारलं तिने. म्हणूनच तर नाव लिहिलं."

सून हसायला लागली होती ती थांबली. तिने पिशवी खाली ठेवली. "कोण आहे ही?" आणि अक्कांच्या लक्षात आलं की लग्न होऊन ही मुलगी या घरात आली त्याला किती वर्षं झाली, पण चिमणीचं नाव आपण तिच्यासमोर एकदाही काढलेलं नाही. त्यांनी सांगितलं, तिसऱ्या खुर्चीपासून बसच्या खिडकीपर्यंत, आणि सांगताना जाणवलं की ते फारच थोडक्यात संपलं. सुनेने काल काय झालं असेल ते जुळवून दाखवलं. अक्कांनी नाव लिहिलं, निळं बटण दाबलं, यादी येईल म्हणून वाट पाहिली, आली नाही, तेव्हा फोन उपडा ठेवून दिला. यंत्राने त्यांचं शोधणं चौकात नेऊन वाचून दाखवलं. आणि एखाद्या बाईचं पूर्ण नाव, पुढे ना मागे काही, असं नुसतं टाकलेलं कुणी पाहिलं तर दुसरं काय समजणार? मोठ्या बाईंनी पहिल्यांदा श्रद्धांजली वाहिली, आणि मोठ्या बाईंनी केलं म्हटल्यावर बाकीच्यांनी विचारायचं काही कारणच नव्हतं.

"म्हणजे ती गेली नाही," अक्का म्हणाल्या.

"या पोस्टवरून तरी नाही."

"पण आहे, असंही नाही."

सुनेने फोन परत वर सरकवला. मग तिने विचारलं, "काढून टाकू? दोन मिनिटांचं काम आहे. पोस्ट गेली की सगळंच जातं."

"हे लिहिलेलंही?"

"सगळं."

अक्का भिंतीला टेकल्या. "राहू दे. जिवंत बाईबद्दल एवढं चांगलं कुणी लिहीत नाही. तिने वाचलं तर?"

"तिने वाचलं तर ती तुमचा गळा धरेल, आई. ही बघा, कुणीतरी तिच्या भाचीला टॅग केलंय. म्हणजे भाचीला कळलंय, आणि भाची सांगणारच." टॅग म्हणजे काय ते अक्कांना आठवलं. खांद्यावर हात ठेवून 'हे बघ' म्हणणं. कुठल्या तरी शहरात, कुठल्या तरी खोलीत, कुणीतरी चिमणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणणार होतं: हे बघ, तुझ्या अक्काने तुला मारून टाकलं. इतकी वर्षं एक फोन नाही, आणि आता हे. चिमणीला काय वाटेल ते त्यांना तिच्या आवाजात ऐकू येत होतं. रागावली तर बरं. हसली तर फारच बरं. पण तिने नुसतंच 'असू दे' म्हटलं तर? परक्या माणसाची चूक जशी आपण सोडून देतो, तसं? त्यांनी सुनेला बाजूला बसवलं आणि मजकूर आपणच लिहिला, ती अक्षरं दाखवत गेली तसा. 'ही निधनाची बातमी नाही. मी तिला शोधत होते. चूक माझी. ती कुठे आहे हे कुणाला माहीत असल्यास कृपया कळवावे.' सुनेचं म्हणणं होतं की शेवटचं वाक्य हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीसारखं झालंय. अक्का म्हणाल्या, "तसंच आहे ते." थोड्या वेळाने मोठ्या बाईंचं उत्तर आलं: 'अक्का, श्रद्धांजली परत कशी घ्यायची तेही शोधून कळवा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का चहा गाळत होत्या तेव्हा फोन थरथरला. त्यांनी चहाने भरलेलं गाळणं तसंच काठोकाठ भरलेल्या कपावर सोडलं. त्या सगळ्या श्रद्धांजल्यांच्या खाली एक नवी ओळ होती. फोटोच्या जागी खिडकीत ठेवलेली एक कुंडी, आणि आडनाव वेगळं, अक्कांना कधी कळलं नसतं असं. म्हणजे परवा भिंगाच्या चौकटीत शोधलं असतं तरी ती सापडली नसती. 'मी आहे. सगळ्यांनी लिहिलेलं वाचलं, आभार. माझा आवाज मोठा होता एवढं सोडलं तर बाकी सगळं खोटं आहे.' अक्का खाली बसल्या, स्वयंपाकघरातल्या फरशीवरच, कपाटाला पाठ लावून. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, मग त्या ओळीकडे नुसतं पाहत राहिल्या. चहा कपावरून वाहून ओट्यावर पसरला आणि कडेने थेंब थेंब खाली येऊ लागला. आता बोलायचं होतं. कोणी आधी, कोणी नंतर, राहिलेल्याने की जाणाऱ्याने, यातलं काही डोक्यात नव्हतं. त्यांनी कुंडीवर बोट टेकलं, मेसेजची खिडकी उघडली, आणि वर कोपऱ्यात फोनचं चिन्ह होतं ते दाबलं. घंटी वाजली. पलीकडे वाजतेय हे कानाला कळत होतं. मग तुटली. त्यांनी पुन्हा लावला. दोन घंट्या झाल्या आणि पुन्हा तुटली, पलीकडून तोडल्यासारखी. म्हणजे राग आहे. असणारच. असावाच, असं त्या स्वतःला म्हणाल्या, पण आवाज तर ऐकायचाच होता, रागावलेला का होईना; तो ढोलासारखा आवाज, ज्याची एवढी चेष्टा केली.

तेवढ्यात खिडकीत ओळ उमटली. 'फोन नको करू. उचलून उपयोग नाही.' अक्का थांबल्या. दुसरी ओळ आली. 'कान गेले माझे. दोन्ही. बरीच वर्षं झाली. यंत्र लावलं की माणसाचं बोलणं म्हणजे पत्र्यावर खडे पडल्यासारखं ऐकू येतं. भाचीने हे शिकवलं तेव्हापासून मी परत बोलायला लागले लोकांशी. लिही.'

अक्का त्या शेवटच्या शब्दाकडे पाहत राहिल्या. आयुष्यभर दोघींनी हाताने काही लिहिलं असेल तर हजेरीपटावरची सही. दुसऱ्यांचे आवाज इकडून तिकडे पोचवले आणि आपला आवाज मधल्या फटींत भरला. मागच्या काही वर्षांत आपण हट्ट सोडून फोन केला असता, तरी तो कुठे पोचला असता? वाजला असता, आणि तिथे कुणाला कळलं नसतं. त्यांच्या मनात एकदम पुष्कळ वाक्यं दाटली. बसच्या खिडकीची, पाचव्या खुर्चीच्या मुलीची, तू कुठे राहतेस, आडनाव कधी बदललं, कान कधीपासून, दुखतं का, माझ्यावर राग आहे का. बोट मात्र एकच होतं. त्यांनी 'अगं' लिहिलं. पुसलं. 'चिमणे' लिहिलं. तेही पुसलं. 'मी' लिहिलं आणि पुढे काय हे सुचेना. चहाचा ओघळ फरशीवर त्यांच्या पायापर्यंत आला होता, सून न्हाणीघरातून काहीतरी विचारत होती, आणि अक्का 'मी' या एका अक्षराकडे पाहत होत्या. तेव्हा खाली पुन्हा एक ओळ आली.

'तू लिहितेयस असं दिसतंय मला इथे. मघापासून दिसतंय. सावकाश लिही. मी बसलेय.'

तिकडे ते दिसतं, हे पासवर्डबाईंनी सांगितलं नव्हतं. शब्द अजून सुचत नव्हता. पण चिमणीच्या पडद्यावरून ते 'लिहीत आहे' पुसलं जाऊ नये म्हणून अक्का एक अक्षर टाकत, पुसत, पुन्हा टाकत राहिल्या.